घरात बंदूक असावी का? आणि चौदाव्या वर्षी आपण काय काय उडवलं होतं

गच्चीवरचा

मंडळी, धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी बोरिवलीला, जुनी, चार मजली. दिवाळीच्या सुट्टीत दोन घरं फुटली. दोन्हीकडची माणसं गावाला गेलेली. परवाच्या रविवारी त्यावर मीटिंग झाली. कॅमेरे, ग्रिल, रात्रीचा वॉचमन बदलायचा, एवढं बोलून झालं आणि एका सभासदांनी विषय काढला की आपल्यातल्या चार-पाच जणांनी रिव्हॉल्वरच्या परवान्यासाठी अर्ज करावेत. कुणी हसलं नाही. तिघांनी तिथल्या तिथे हात वर केले. त्यातल्या दोघांच्या घरी शाळेत जाणारी मुलं आहेत.

मी विरोधात बोललो, पण नीट बोलता आलं नाही. जे सांगायचं होतं ते चारचौघांत तोंडातून निघेना. म्हणून इथे लिहितोय.

आम्ही मूळचे डिलाईल रोडचे. वडील गिरणीत. ८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तो रीतसर मिटलाच नाही. ८३ च्या दिवाळीत मी बारा वर्षांचा होतो, दादा चौदाचा. फटाक्यांना पैसे नव्हतेच. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, झाडूवाला यायच्या आत, आम्ही रस्त्यावरून न फुटलेले बार वेचायचो. लवंगी, लक्ष्मी बार, नशीब असलं तर एखादी सुतळी. गच्चीवर वर्तमानपत्रावर ते मोडायचे, दारू काढायची आणि कागदात पेटवायची. भुर्रकन जाळ व्हायचा, एवढीच मजा. चाळीतली सगळीच पोरं हे करत होती.

दादाला त्या वर्षी मोठा बार काढायचा होता. काय घेतलं, कसं भरलं ते इथे लिहिणार नाही. इथे मुलंही वाचतात.

वात पेटवली. ती जळत गेली, आत शिरली आणि गप्प झाली. आम्ही पाण्याच्या टाकीमागे बसलेलो. मी मनात आकडे मोजत होतो, वीसपर्यंत मोजल्याचं आठवतं. दादा म्हणाला, "विझली वाटतं," आणि उठला. मी त्याची चड्डी धरली होती. ती सुटली. तो वाकून बघायला आणि बार व्हायला एकच गाठ पडली.

उजवा हात पुढे होता म्हणून डोळे वाचले. तळहाताची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटून आली होती. दादा ओरडला नाही, हाताकडे बघत राहिला. खाली आईने माठ उचलून त्याच्या हातावर ओतला, रिकामा होईपर्यंत. इस्पितळात आम्ही दोघांनी स्टोव्हचा भडका उडाला असं सांगितलं. डॉक्टरांनी आमच्या काळ्या नखांकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

दादाची अनामिका आणि करंगळी आजही मिटत नाहीत. गणपतीच्या आरतीला त्याला झांज धरता येत नाही. एक टाळ तो मनगटाला बांधून घेतो.

आता मुद्दा. दादा वर्गात पहिल्या पाचांत होता. आम्ही उनाड नव्हतो. फक्त बारा-चौदा वर्षांचे होतो. त्या वयात माझ्या घरात, पत्र्याच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली खरं रिव्हॉल्वर असतं तर आम्ही ते काढलं असतं. मला याबद्दल तिळमात्र शंका नाही. परवाना वडिलांच्या नावावर असतो, पण घरात तर सगळेच राहतात.

आणि मीटिंगच्याच आठवड्यात माझा भाचा, नववीतला, मोबाईल घेऊन आला: "मामा, एवढा पाइप आणून देशील?" रीलमध्ये कार्बाइड गन, म्हणजे पाइपाची घरगुती तोफ. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ह्याच खेळण्याने शेकड्यावर मुलांचे डोळे जायबंदी झाले, काहींची दृष्टी गेली. मी मोबाईल काढून घेतला. तो दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

तुमचं मत सांगा. आणि तुम्ही लहानपणी असं काही केलं असेल तर तेही लिहा.

काळा डगला

गच्चीवरचे, वाचून गलबलून आलं.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण "सोसायटीने परवाने घ्यावेत" ही कल्पनाच चुकीच्या पायावर आहे. परवाना माणसाला मिळतो, इमारतीला नाही. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून, जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण दाखवावं लागतं आणि आपल्याला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. "शेजारी चोरी झाली" एवढ्यावर शहरात परवाना मिळणं अवघड. नाकारला तर बहुतेक वेळा कारण लेखी मिळतं, अपीलही करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बंदुकीच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. १८७८ चा हत्यारांचा कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. आपल्याला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. लोकांना ते झोंबलं होतं. १९१८ साली सैन्यभरतीच्या पत्रकात गांधीजींनीही या कायद्यावर फार कडक शब्दांत लिहिलं. १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालायची सुधारणा मांडली तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. म्हणजे आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे. माझ्या मते हा निर्णय विचार करून घेतलेला होता आणि योग्य होता.

अजून एक. परवानाधारकाचं शस्त्र दुसऱ्याच्या हाती गेलं की काय होतं हे दहिसरकरांना सांगायला नको. ८ फेब्रुवारी २०२४ ला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते झाडणाऱ्याचं नव्हतंच. त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं.

लालबागची लेक

मूळ लेखातली चड्डी सुटल्याची ओळ डोक्यातून जात नाहीये. दादांना नमस्कार सांगा.

माजघर

मी कणकवलीकडचा, सध्या भांडुपला. इथे बंदुकीबद्दल सगळे मुंबईच्या नजरेने बोलतायत म्हणून लिहितो.

आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. सिंगल बारची काडतुसाची बंदूक, आजोबांच्या वेळी ठासणीची होती. हौस म्हणून कुणी ठेवत नाही. भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत कुणगा लोळवतात. माकडं-वानरं नारळाची कोवळी बोंडं तोडून टाकतात. काका बहुतेक वेळा हवेतच बार काढतात, आवाजानेच कळप पांगतो. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग पंचायत. साठी उलटलेल्या माणसाने खांद्यावर बंदूक घेऊन एसटीने तालुक्याला जायचं, पावती घ्यायची, आचारसंहिता उठली की परत आणायला जायचं. डुकरांना आचारसंहिता नसते. शहरातल्या धंदेवाल्याला जो नियम तोच शेतकऱ्याला लावतात त्याचा मला मनापासून राग आहे.

पण गच्चीवरच्यांचा मुद्दा मला पटला, कारण मीही त्या जागी उभा होतो.

आमच्याकडे बंदूक माजघराच्या भिंतीवर खुंटीला. काडतुसं फडताळात, कुलपात. किल्ली आजीच्या कनवटीला. आजी ती आंघोळीलाही सोडायची नाही. मी नववीत असताना मे महिन्यात सगळे बारशाला गेले, घरी मी आणि चुलतभाऊ. पाच मिनिटांत बंदूक खाली. उघडून बघितली, मिटली, एकमेकांवर नेम धरला. हो, एकमेकांवर. मग काडतुसं शोधायला लागलो. पिठाचे डबे, कणगी, आजोबांची पेटी, देवाच्या मागची फळी. तासभर सगळं घर उलटंपालटं केलं. फडताळ फोडायचं धैर्य झालं नाही एवढंच.

आजी बारशाला गेली होती आणि किल्ली तिच्यासोबत गेली होती. मी आज हे टाइप करतोय ते त्यामुळे.

पालघरकडे २०२५ च्या सुरुवातीला शिकारीला गेलेल्यांनी रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घातली. ती मोठी माणसं होती, रानात वाढलेली. पोरांचं काय घेऊन बसलात.

सराफकट्टा

मी इथे अल्पमतात असणार हे माहीत आहे, तरी लिहितो.

आमचं सोन्या-चांदीचं दुकान, तिसरी पिढी. मध्य उपनगरात. बाबांवर एकदा भर रस्त्यात हल्ला झाला, डोक्याला अकरा टाके पडले. त्यानंतर त्यांनी परवाना काढला. पॉइंट थ्री टू चं रिव्हॉल्वर, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. आता परवाना माझ्या नावावर आहे. रात्री नऊ-साडेनऊला माल घेऊन दुकानातून गाडीपर्यंत चालत जातो ती चाळीस पावलं ज्याने टाकली नाहीत त्याने "पोलीस आहेत ना" म्हणू नये. पोलीस येतात, पण झाल्यावर येतात.

बंदूक जवळ बाळगणं ही काही मिजास नाही. उन्हाळ्यात कमरेला घामोळं येतं. लग्नात, सिनेमाला, देवळात सोबत नेता येत नाही. दर निवडणुकीला आम्हीही जमा करतो. आणि घरी शिस्त आहे. बाबा दुकानातून आले की आधी रिव्हॉल्वर रिकामं करून कपाटात, गोळ्या वेगळ्या खणात, मगच हातपाय धुणं. ते झाल्याशिवाय आई ताट वाढत नसे. मी तेच करतो. किल्ली कुठे असते हे घरात माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. वीस वर्षांत एकही गोळी कुणावर झाडायची वेळ आली नाही, आणि तीच मी बंदुकीची कमाई समजतो.

मुलांनी फटाके मोडून हात भाजले म्हणून माझ्यासारख्याचा परवाना वाईट कसा ठरतो? ज्यांच्याकडे बेकायदा कट्टे आहेत ते कुणाच्या परवानगीला थांबलेत?

परत_मुलुंडला

नऊ वर्षं अमेरिकेत टेक्सासला होते, आता कायमची परत आलेय.

माझी मुलगी पहिलीत असताना एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, आज आम्ही अंधारात कोपऱ्यात गप्प बसायचा खेळ खेळलो. मी जिंकले, मी अजिबात हलले नाही." शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं त्याची ती तालीम होती. मी हातातली पोळी तव्यावर तशीच जाळली.

मे २०२२ मध्ये टेक्सासातच युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मारणारा अठराचा होता. अठरा पूर्ण झाल्याझाल्या त्याने रायफली विकत घेतल्या होत्या, दुकानातून, कायद्याने. तिथे १७९१ पासून बंदूक बाळगणं हा घटनेतला हक्क आहे, आणि घरात पिस्तूल ठेवणं हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पक्कं केलं. तो हक्क मागे घेणं आता कुणाच्याच हातात उरलेलं नाही. उलट ऑस्ट्रेलियात १९९६ ला पोर्ट आर्थरमध्ये ३५ माणसं मेली, तर दोन आठवड्यांच्या आत सगळी राज्यं नव्या कडक नियमांना कबूल झाली आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन मोडीत काढल्या.

सराफकट्टादादा, तुमच्या चाळीस पावलांची भीती मला खरंच समजते. पण "चांगल्या माणसाच्या हाती बंदूक" हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मला तो अंधारातला कोपरा दिसतो.

वरळी_रेंज

एक फरक करायला हवा. मी कॉलेजात एनसीसीत होते, पॉइंट टू टू रायफल तिथे पहिल्यांदा हातात घेतली. पुढे काही वर्षं वरळीच्या रेंजवर जात होते. सुरुवातीचे कितीतरी दिवस गोळी दिलीच नाही. नळी कुठे बघतेय, बोट चापाच्या बाहेर आहे ना, शेजारी काय करतेय, एवढंच. एका मुलीने गप्पा मारताना रायफल हातात ठेवून नुसती मान वळवली, नळी हातभर सरकली. सरांनी तिला महिनाभर रेंजवर येऊ दिलं नाही.

अंजली भागवत मुंबईत एनसीसीतूनच या खेळात आल्या. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. नेमबाजीला १२ व्या वर्षापासून शिकायची परवानगी आहे, ती असावीच. हौस असलेल्या मुलाला रेंजवर पाठवा. तिथे हत्यार रेंजवरच राहतं आणि बघणारा एक मोठा माणूस कायम पाठीशी उभा असतो. घरात हे दोन्ही नसतं.

कोळशीण

@सराफकट्टा, बेकायदा कट्ट्यांचा मुद्दा मला पटला. त्यावर कुणीच बोलत नाही. परवानाधारकांच्या मागे कागद लावणं सोपं असतं, कट्टे येतात कुठून ते शोधणं कठीण.

फळा_आणि_खडू

तेहेतीस वर्षं दादर-माटुंग्याच्या शाळांतून रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे.

गच्चीवरचे, तुमच्या दादांसारखी मुलं मी दरवर्षी बघितली. साधारण चौदा-पंधराची, बहुतेक हुशार. एका मुलाच्या दप्तरात मला प्रयोगशाळेतली बाटली सापडली होती. मुख्याध्यापकांकडे नेलं असतं तर दाखला हातात मिळाला असता. मी त्याला शनिवारी शाळा सुटल्यावर बोलावलं. चष्मा, एप्रन घालायला लावला आणि चिमूटभर, खरोखर चिमूटभर, काय होतं ते काचेआडून दाखवलं. मग विचारलं, "तुझ्याकडे होतं ते याच्या किती पट?" तो मनात हिशेब करत होता. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. पुढची दोन वर्षं तो दर शनिवारी यायचा.

आता शाळांतल्या प्रयोगशाळांना कुलपं आहेत. प्रयोग पाठ करून लिहायचे. मुलाला स्फोट बघायचा असेल तर रील आहे, आणि रीलमध्ये शेजारी बाई उभी नसते. त्या कार्बाइडमधून निघणारा वायू तोच, ज्याने लोखंड कापतात. आणि डोळे कधी जातात माहितेय? पुष्कळदा बार होत नाही म्हणून मूल नळीत डोकावतं तेव्हा. तुमचे दादा ८३ साली वाकले, तसंच. मोठ्यांनाही हे चुकत नाही, पण मुलांना वाट बघणं मुळीच जमत नाही.

भाच्याचा मोबाईल काढून घेतलात ते ठीक. पण त्याच्याशी बोलणं बंद राहू देऊ नका. त्याला तुमच्या दादांकडे न्या.

गच्चीवरचा

बाई, तुमचा प्रतिसाद वाचून रविवारी भाच्याला दादाकडे घेऊन गेलो. दादा आता विरारला असतो. मी काही बोललो नाही. दादाने नेहमीसारखा डाव्या हाताने चहा केला, मग उजवा हात पोराच्या पुढ्यात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "बोटं मिटून दाखव माझी." भाच्याने दोन्ही हातांनी प्रयत्न केला. जोर लावायला घाबरत होता. दादा म्हणाला, "लाव जोर, दुखत नाही. चाळीस वर्षं झाली." मिटली नाहीत. परतीच्या गाडीत भाचा बराच वेळ स्वतःची मूठ उघडमीट करत होता. मोबाईल मागितला नाही, मीच दिला.

@सराफकट्टा, तुमच्या बाबांचं आणि तुमचं वाईट चिंतायचा माझा हेतू नाही. तुम्हाला खरा धोका आहे, तुमचा परवाना मला मान्य आहे. आमच्या सोसायटीतल्यांना तसा धोका नाही, कुलूप बदललं तरी पुरेल. पण एक विचारतो, राग मानू नका. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जुहूला अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी लागली ती त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून, घरातच. मोठा माणूस, स्वतःचं हत्यार. तुमच्या घरी मुलं आहेत का? किल्ली कुणालाच माहीत नाही याची तुम्हाला खात्री कशी?

काळा डगला

हेच विचारायचं होतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे अर्जासोबत हमी द्यावी लागते की शस्त्र कुलूपबंद ठेवीन, अल्पवयीन मुलांच्या हाती लागणार नाही. कागदावर सगळेच सही करतात. नंतर घरी येऊन ती तिजोरी बघतं कोण? मला विचाराल तर नूतनीकरणाच्या वेळी फक्त हत्यार न तपासता ते घरात ठेवतात कुठे तेही बघायला हवं. आणि ज्यांना रोज लागत नाही त्यांना परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते ठेवायची सोय कायद्यात आहे, ती फार कमी लोक वापरतात.

माजघर

दादांच्या हाताचं वाचून काकांना फोन केला. विचारलं, आजी गेल्यावर किल्ली कुणाकडे? म्हणाले, काकीच्या मंगळसूत्रात.

सराफकट्टा

गच्चीवरचे, राग मानला होता. दोन दिवस इथे आलो नाही.

मला एक मुलगा आहे, दहावीत. शांत मुलगा, बुद्धिबळ खेळतो. काल जेवणं झाल्यावर तो टीव्ही बघत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कपाटाची किल्ली कुठे असते रे?"

त्याने टीव्हीवरची नजरही काढली नाही. म्हणाला, "देव्हाऱ्यात, समईच्या मागे. का, हवीय तुम्हाला?"

आज दुकान उशिरा उघडलं. आधी जाऊन आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी घेतली आणि भिंतीत बसवून घेतली.